चाळीसगावचे टेबलटॉप छायाचित्रण

मुंबई-भुसावळ लोहमार्गावर जेथून धुळ्याकडे फाटा निघतो, त्या चाळीसगावात केकी मूस (१९१२–१९८९) यांनी अनेक दशके घराबाहेर फारसे न पडता छायाचित्रणाची जी साधना केली, ती खानदेशच्या कलेतिहासातील अपूर्व घटना होय. टेबलावर लहानसहान वस्तू मांडून, प्रकाशाची दिशा साधून, त्यांतून विस्तीर्ण दृश्याचा भास निर्माण करणे म्हणजे टेबलटॉप छायाचित्रण. या प्रकारात मूस यांची विशेष ख्याती होती. यातील खरी अडचण अशी की, भिंग वस्तूच्या जितके जवळ न्यावे, तितका स्पष्टतेचा पल्ला, म्हणजे चित्रात एकाच वेळी रेखीव दिसणारी खोली, आक्रसत जातो; मग भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते, प्रकाश अपुरा पडतो आणि कॅमेरा तिवईवर स्थिर ठेवून फिल्मवर अधिक वेळ प्रकाश पडू द्यावा लागतो. आजच्या मोबाइलमधील प्रकाश टिपणारा संवेदक अगदी लहान असल्याने हा पल्ला तेथे आपोआप मोठा मिळतो, म्हणून रोजच्या वापरासाठी, किंबहुना या कलेच्या सरावासाठीही, मोबाइल हलका मानण्याचे कारण नाही. मात्र छिद्र लहानमोठे करून तो पल्ला हवा तेवढाच राखण्याची मुभा बहुतेक मोबाइल देत नाहीत, ती स्वतंत्र कॅमेऱ्यात मिळते.