चिलखताखालची चासी

अहिल्यानगरच्या, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये पॅटन, शेरमन, सेंच्युरियन असे अजस्र रणगाडे उभे आहेत. 1994 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात एक लहानशी चिलखती मोटारही आहे: रोल्स रॉइस सिल्व्हर घोस्ट. पाहणाऱ्याची नजर तिच्या पोलादी पत्र्यावर आणि बुरुजावर जाते. हा सगळा भार ज्या चासीवर उभा आहे, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. राजेरजवाड्यांसाठी बनवलेल्या मोटारीने तोफखान्याच्या जगातले ओझे कसे पेलले, याचे उत्तर मात्र तिथेच आहे.

1906 साली आलेल्या या ‘40/50 अश्वशक्ती’ मॉडेलचे सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे सात लिटरचे होते आणि सुरुवातीला 48 अश्वशक्ती देत असे. कंपनी फक्त चालती चासी विकायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. आपल्याकडे हे मॉडेल लवकरच आले. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या अशाच एका मोटारीने 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट ओलांडत सुमारे 620 मैलांची मजल मारली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. घाटातल्या दगडी रस्त्यावर इंजिनाइतकीच परीक्षा चासीचीही होते.

1914 मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ब्रिटिश नौदलाने याच चासीवर सुमारे 9 मिलीमीटर जाडीचे चिलखत व फिरता बुरूज चढवला. गाडीचे वजन चार टनांच्या आसपास गेले, म्हणजे प्रवासी मोटारीच्या साधारण दुप्पट. इंजिनाला ताकद कमी नव्हती. अडचण खालच्या बाजूला होती, आणि उपायही तिथेच झाले: कमानींचे पाटे भक्कम केले आणि मागच्या धुरीवर दुहेरी चाके बसवली. मूळ चौकट बव्हंशी तशीच राहिली. आपल्याकडे ट्रकवाले जादा मालासाठी ‘पाटा वाढवून’ घेतात, त्यातलाच हा प्रकार.

चौकटच जाड का केली नाही? त्या काळच्या चासीच्या लांब पट्ट्या पन्हळीसारख्या, एका बाजूने उघड्या असत. काडेपेटीचा आतला खण हातात घेऊन पिळून पाहा, सहज वाकतो. तोच बाहेरच्या वेष्टनात सरकवला की पिळ सहन करतो. उघडी पन्हळ आणि बंद पेटी यांत हाच फरक आहे. उघडी चौकट खडबडीत रस्त्यावर थोडी पिळवटते, आणि मूळ रचनेत ते गृहीत धरलेले असते. एकाच जागी जाड पट्टी जोडली, तर पिळ नाहीसा होत नाही. तो पट्टीच्या टोकाशी साचतो आणि तडा तिथून सुरू होतो.

या मोटारीही अभंग नव्हत्या. 1918 मध्ये अरबस्तानच्या मोहिमेत टी. ई. लॉरेन्सच्या रोल्सचा कमान धरणारा ब्रॅकेट तुटला. वाळवंटात वेल्डिंग कुठले? चासी जॅकने उचलून लाकडी फळ्यांचे तुकडे खाली ठोकले, तारेने आवळून बांधले, आणि गाडी पुढचे तीन आठवडे चालून दमास्कसला पोहोचली. भाराला जायला दुसरी वाट मिळाली, एवढेच.

भारतातल्या सैन्यासाठी 1921 मध्ये घुमटाकार बुरुजाची खास रोल्स तयार झाली. ती महाग पडत असल्याने पुढे क्रॉसलीच्या चासीवर चिलखती गाड्या बांधल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास या चासी झिजल्या, तेव्हा जुनी चिलखती बॉडी शेव्हरोलेच्या चासीवर चढवण्यात आली. इजिप्तमध्येही काही रोल्सच्या बॉडी फोर्डसनच्या चासीवर गेल्या. नाव आणि चिलखत टिकले. ओझे वाहणारा सांगाडा बदलला गेला.

आज जुन्या मोटारी सजवण्याचा छंद वाढतो आहे. त्यांत मोठे इंजिन बसवून सांगाड्याला वाटेल तिथे पोलाद जोडले जाते. आधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत, रिव्हेटांच्या भोकांशी तडे आहेत का ते पाहावे, गंजलेले लोखंड काढावे. पट्टी लावायचीच तर टोकाकडे निमुळती करावी. मूळच्या रिव्हेटांवर वेल्डिंगचा थर चढला, की गाडी आधी कशी दुरुस्त झाली होती, हे सांगणाऱ्या खुणाही जातात. कागदपत्र हरवलेल्या गाडीचा तेवढाच इतिहास उरलेला असतो.

संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आज नगरलाच आहे आणि तिच्या चाचणीमार्गांवर नव्या वाहनांची परीक्षा होते. त्याच शहरात जुनी सिल्व्हर घोस्ट उभी आहे. ती पाहायला जाल तेव्हा बुरूज पाहून झाल्यावर जरा खाली वाका. मागची चाके आणि कमानीचे पाटेही पाहा.