पदाआधी नाते: ख्रिस्ती नेतृत्वघडणीच्या अभ्यासाची प्रस्तावना

पुण्यात ख्रिस्ती नेतृत्वाचे शिक्षण घ्यायचे तर संस्थांची वानवा नाही. नगर रस्त्यावरची पेपल सेमिनरी १९५५ पासून कॅथलिक धर्मगुरू घडवते आहे. यवतमाळला १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये बिबवेवाडीला आली. या विषयाकडे वळणारा विद्यार्थी बहुधा अशाच एखाद्या दारातून आत येतो, आणि तिथे त्याचे स्वागतच होते. पण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती नेतृत्वाची सर्वांत बोलकी उदाहरणे वर्गाबाहेर घडली आहेत, सहवासातून आणि सेवेतून. या अभ्यासक्षेत्राची ओळख म्हणूनच तिथून करून द्यावीशी वाटते.

मूळ आधार शुभवर्तमानांत आहे. येशू बारा शिष्यांबरोबर राहिला, जेवला, वाटा तुडवत हिंडला. शेवटच्या भोजनाच्या वेळी त्याने त्यांचे पाय धुतले. ज्याला मोठे व्हायचे त्याने सेवक व्हावे, ही त्याची शिकवण. १९७० मध्ये रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकी लेखकाच्या निबंधाने ‘सेवक-नेता’ ही कल्पना व्यवस्थापनशास्त्रात आणली. आपल्याकडे तोवर तिचे बरेवाईट प्रयोग करून झाले होते.

पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८९० मध्ये मुंबईहून पुण्यात आले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. तिथे शेती, विणकाम आणि छापखाना ही कामे स्त्रियाच शिकल्या आणि स्त्रियांनीच चालवली. ज्यांना आश्रय मिळाला त्यांच्यावरच जबाबदारी सोपवायची, ही रमाबाईंची रीत. त्यांच्या कामाची वारस मानली गेलेली मुलगी मनोरमा १९२१ मध्ये वारली, पुढच्याच वर्षी रमाबाईही गेल्या. मुक्तीचे काम मात्र थांबले नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ भरवला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. कल्पना थोर होती, पण १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा असलेला दरबार फार काळ टिकला नाही. नेत्यावरची भक्ती आणि अनुयायांतून नवे नेते घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे लख्ख दिसते.

तिसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. गावात नेमलेल्या प्रशिक्षित परिचारिकांचा जम बसेना, तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून शिकवायचे ठरले. त्यांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या, काही दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो समाजनेतृत्वासाठी. या सेविकांपैकी बहुतेक जणी ख्रिस्ती नव्हत्या. मग हे ख्रिस्ती नेतृत्व म्हणायचे का? मंडळीच्या आतले नेतृत्व तेवढे या शास्त्राचे, की श्रद्धेच्या प्रेरणेतून बाहेर उभे राहिलेलेही? या क्षेत्रातला हा जिवंत वाद आहे आणि नव्या अभ्यासकाने त्यात जरूर उतरावे.

काही अडचणींची जाणीवही आधीच असलेली बरी. नाती माणसाला उभे करतात, तशीच मिंधेही करतात. परदेशी पैसा, मिशनरी आणि स्थानिक सेवक यांच्यातली उतरंड, मंडळीत शिरलेली जात, हे सगळे ‘सेवा’ या शब्दाआड सहज दडते. शिवाय आपली साधने बहुतांशी नेत्यांनी किंवा मिशनऱ्यांनी लिहिलेली आहेत. म्हणून रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ या विषयाचे पाठ्यपुस्तक म्हणूनही वाचावीत. टिळकांचे औदार्य घरातल्यांना काय भावात पडत होते, हे त्यांत विनोदाने आणि निर्भीडपणे आले आहे. नेत्याचे मोठेपण त्याच्या चुलीपाशी बसलेल्या माणसाने सांगितले, की ते अधिक खरे वाटते.

या अभ्यासाला फार सामग्री लागत नाही. आपल्या मंडळीची जुनी इतिवृत्ते, महिला मंडळाच्या नोंदी आणि वयस्क सेविकांच्या मुलाखती एवढ्यावर सुरुवात होते. पाळक आजारी पडले तेव्हा उपासना कोणी चालवली? संडे स्कूलची जुनी मुले आज काय सांभाळतात? कोणाला कधीच पुढे येऊ दिले गेले नाही? ज्या नेत्याच्या पश्चात या प्रश्नांना अनेक नावांनी उत्तर देता येते, त्याने माणसे घडवली असे खुशाल म्हणावे. आणि उत्तरात एकच नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर त्या संस्थेचा अभ्यास अधिक बारकाईने करावा.