पान हिरवं ठेवण्याची विद्या

सुपरमार्केटमधून ग्रीन टीचा पहिला डबा आणणारा माणूस बहुधा नेहमीच्या सवयीनंच चहा करतो. आधण खळखळ उकळतं, पिशवी त्यात पडते, पाच मिनिटं तशीच राहते आणि पहिल्या घोटालाच तोंड कडवट-तुरट होतं. मग ‘औषध म्हणून घ्यायचा’ असं ठरवून पुष्कळजण डबा कसाबसा संपवतात, नाही तर फडताळात मागे सारतात. मला याचं वाईट वाटतं. हा चहा औषध म्हणून नव्हे, चवीसाठी घडला. त्याच्यामागे एका शेतकऱ्याची पंधरा वर्षांची खटपट आहे.

काळा आणि हिरवा चहा एकाच झाडाचे. लिनिअससारख्या शास्त्रज्ञानंही ती दोन वेगळी झाडं मानली होती. वनस्पतिसंग्राहक रॉबर्ट फॉर्च्यून 1840 च्या दशकात चीनच्या मळ्यांत हिंडला, तेव्हा कुठे युरोपची खात्री पटली. फरक पडतो तो खुडणीनंतर. चिरलेलं वांगं जसं हवेनं काळं पडतं तसंच चहाचं चुरडलेलं पानही, कारण त्यातली विकरं कामाला लागतात. वेळीच उष्णता दिली की ती थंडावतात आणि पान हिरवं राहतं. चीनमध्ये पूर्वी पानं वाफवत. मिंग काळात ती तापल्या कढईत परतण्याची रीत रुळली. 1391 मध्ये सम्राट होंगवूनं नजराण्यात दाबून केलेल्या चहाच्या वड्या घेणं बंद केलं आणि सुट्या पानांच्या चहाला बळ मिळालं.

जपाननं मात्र वाफ सोडली नाही. तिथे एइसाई या भिक्षूनं 1191 मध्ये चीनहून चहाचं बी आणलं, असं परंपरा सांगते. पण अठराव्या शतकापर्यंत हिरवागार चहा म्हणजे सावलीत वाढवलेल्या पानांची पूड, आणि ती मोठ्या घरांसाठी. झाडांवर आच्छादन घालण्याची मुभा उजी गावातल्या मोजक्या मळेवाल्यांनाच होती. सामान्यांच्या वाट्याला कोवळी-जून सगळी पानं मिसळून केलेला, तांबूस पाण्याचा चहा येई.

क्योतोजवळच्या उजीतवारा भागातला नागातानी सोएन (1681–1778) हा एका खेड्यातला चहा पिकवणारा. आच्छादनाची परवानगी नाही, तरी चव आणि रंग हवा, हे त्याच्यापुढचं कोडं. 1738 मध्ये त्याला उत्तर सापडलं. फक्त कोवळे कोंब खुडायचे, लगेच वाफवायचे, आणि निखाऱ्यावरच्या, कागद लावलेल्या लाकडी चौकटीवर सुकवता सुकवता हातानं वळत राहायचे. वळताना पानातला रस पृष्ठभागावर येतो आणि पान सुईसारखं होतं. मग त्याला उकळावं लागत नाही, गरम पाण्यातच ते आपला रस सोडतं. या शोधात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

हा चहा घेऊन सोएन एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला. इतर व्यापाऱ्यांनी त्याला परत पाठवलं, पण यामामोतो काहेई या व्यापाऱ्यानं चव ओळखून माल ठेवून घेतला. चहा इतका खपला की यामामोतो घराणं पुढे शतकाहून अधिक काळ नागातानी कुटुंबाला दरवर्षी सोन्याची नाणी पाठवत राहिलं. सोएननं कृती लपवून ठेवली नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवली. त्याच्या गावी आज त्याला वाहिलेलं देऊळ आहे, आणि ते मला अगदी योग्य वाटतं.

पुढे ताकाबायाशी केन्झोच्या यंत्रांनी 1885 पासून हातांचं काम हलकं केलं. पिशवीचं कूळ मात्र अमेरिकेतलं. मिलवॉकीच्या रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरेन यांना 1903 मध्ये सुती जाळीच्या पिशवीचं पेटंट मिळालं. दोन कप्प्यांची आजची पिशवी जर्मनीत आडोल्फ राम्बोल्ड यांनी 1949 मध्ये साधली. पिशवीत बहुधा पानांचा बारीक भुगा असतो, आणि भुगा क्षणात सगळं सोडून देतो. त्यात आपल्याकडच्या पुष्कळ ग्रीन टीमध्ये आसामी जातीची पानं असतात. त्यांत तुरटपणा देणारी कॅटेचिन्स अधिक, आणि ती उकळत्या पाण्यात झपाट्यानं उतरतात. गोडसर चव देणारं थिअनिन मात्र कमी उष्ण पाण्यातही विरघळतं.

म्हणून पाणी 70 ते 80 अंशांवर आणावं. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतलं की पुरेसं निवतं. पिशवी मिनिटभरात काढावी आणि पिळू नये. एवढं करूनही तोंड वाकडं झालं, तर सुट्या पानांचा सेन्चा, म्हणजे सोएनच्या रीतीचा चहा, आणावा. त्याच पानांवर दुसऱ्यांदाही पाणी ओतता येतं, या खेपेला थोडं अधिक गरम आणि कमी वेळ.