द्राक्षरसातील बनफशा

उत्तर हिंदुस्थानात नोकरीनिमित्त राहिलेल्या मराठी माणसाला बनफशा हे नाव हकिमाच्या काढ्यामुळे परिचित असते. पडसे झाले की शेजारी तोच उपाय सुचवितात. हेच जांभळे फूल युरोपात व्हायोलेट म्हणून ओळखले जाते. आणि तेथील लाल वाइनचे पारखी प्याला नाकाशी नेऊन, तीत या फुलाचा गंध आहे, असे गंभीरपणे सांगतात. द्राक्षाच्या रसात फूल आले कोठून? आम्हांस हा प्रश्न प्रथम थट्टेचा वाटला. पण त्याचा इतिहास पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की येथे साक्षीपुराव्याचा खराच पेच आहे. एक जण गंध येतो म्हणतो, दुसरा येत नाही म्हणतो. दोघेही शपथेवर सांगतात. न्याय कोणाच्या बाजूने द्यावयाचा?

साक्ष मात्र जुनी आहे. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील अथेन्सचा विनोदी नाटककार हर्मिपस याने एका मुरलेल्या मद्याविषयी लिहिले आहे की, रांजण उघडताच व्हायोलेट, गुलाब आणि हायसिंथ यांचा परिमळ घरभर पसरतो. त्याचे नाटक लुप्त झाले. हा उतारा अथेनीअसच्या ग्रंथामुळे वाचला. रोमन लोक अधिक व्यवहारी. आपिसियसच्या नावावर असलेल्या पाककृतींच्या संग्रहात गुलाबाच्या पाकळ्या सात दिवस मद्यात भिजत ठेवून, त्या काढून पुन्हा ताज्या घालण्याची कृती आहे, आणि व्हायोलेटचे मद्यही तसेच करावे असे सांगितले आहे. तेथे वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. फूल पिंपातच होते. पुढे फूल गेले आणि शब्द उरला. बोर्दोजवळच्या मार्गो गावच्या मद्याला व्हायोलेटची आणि इटलीतील बारोलोला गुलाबाची कीर्ती लाभली, ती एकही पाकळी न घालता.

हा शब्द केवळ कविकल्पना आहे, असे कोणी म्हटले असते तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत त्याचे खंडन करणे कठीण होते. १८९३ साली फेर्डिनांड टीमान आणि पाउल क्र्यूगर या जर्मन रसायनज्ञांनी व्हायोलेटच्या गंधाचा माग काढला. ताजी फुले फार महाग. म्हणून त्यांनी तसाच वास असणारी आयरिसची वाळलेली मुळे घेतली. मुळांतील द्रव्याचे सूत्र ठरविताना त्यांची चूक झाली, परंतु त्या वाटेने जाताना त्यांनी जे द्रव्य घडविले त्याला व्हायोलेटचाच गंध होता. फुलाच्या ग्रीक नावावरून त्याला आयोनोन म्हणू लागले. ते घडविण्यास लागणारे सिट्राल गवती चहाच्या जातीतील गवताच्या तेलात विपुल असते, आणि या तेलाच्या व्यापारात कोचीनचे नाव मोठे होते. युरोपातील कृत्रिम व्हायोलेटला मलबारच्या गवताचा असा हातभार लागला, हे दक्षिणेत बदली झालेल्या आमच्या वाचकांस सांगण्याचा मोह आवरत नाही.

हेच आयोनोन पुढे द्राक्षमद्यातही सापडले. गाजराला रंग देणारे कॅरोटीन द्राक्षातही असते; त्याचा रेणू तुटला की बीटा-आयोनोन निर्माण होते. एका लिटरात ग्रॅमचा सुमारे एक कोटीवा भाग असला तरी तीक्ष्ण नाकाला तो कळतो. तेव्हा पारखी खोटे बोलत नव्हते. गुलाबाचीही अशीच कथा आहे: १९७० साली बल्गेरियाच्या गुलाबतेलातील एका महत्त्वाच्या गंधद्रव्याची ओळख प्रसिद्ध झाली आणि पुढे तेच द्रव्य मद्यातही आढळले.

आमच्या नैयायिकांनी गंधाचे सुगंध आणि दुर्गंध असे दोनच प्रकार मानून प्रकरण मिटविले होते. १९८४ साली कॅलिफोर्नियातील अध्यापिका ॲन नोबल यांनी मद्यगंधांचे वर्तुळाकार कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात नुसत्या फुलांचाच एक वेगळा विभाग आहे. त्यातही प्रत्येक फूल स्तुतीचे नव्हे. जिरेनियमचा वास आला तर मद्य बिघडले असे समजतात; टिकाऊपणासाठी घातलेल्या सॉर्बिक आम्लावर जिवाणूंची क्रिया झाली म्हणजे तो उत्पन्न होतो.

परंतु शंकेखोरांची बाजूही दुबळी नाही. २००१ साली बोर्दोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांपुढे पांढरी वाइन ठेवली होती, तिला गंधहीन लाल रंग दिलेला. विद्यार्थ्यांनी पांढऱ्या वाइनचे शब्द टाकून लाल वाइनचे शब्द वापरले. नाकाच्या वतीने डोळ्यांनीच साक्ष दिली! खोटे कोणीच बोलत नव्हते. तरी साक्ष फिरली. हा प्रयोग वाचल्यापासून मद्याच्या बाटलीवरील वर्णने आम्ही थोड्या सावधपणे वाचतो.

याहून विलक्षण शोध २०१३ साली न्यूझीलंडमधून आला. बीटा-आयोनोनचा गंध घेण्याची शक्ती बव्हंशी एकाच जनुकावर अवलंबून असते, आणि त्याचे एक रूप ज्यांच्या वाट्याला येते त्यांना हे फूल जवळजवळ कळतच नाही. द्रव्य भरपूर असले तरी त्यांना त्यात व्हायोलेट सापडत नाही. उलट आंबूस, शिरक्यासारखा वास येतो. एकाच टेबलाशी बसलेले दोन सख्खे भाऊ एकाच प्याल्यातून, एक बनफशा आणि दुसरा शिरका, अशा दोन साक्षी देऊ शकतात, आणि उलटतपासणीत दोघांपैकी एकही फुटत नाही.