समुद्रतीराचे विश्वस्त

जमीन विकत घेतां येते, दान देतां येते, गहाण टाकतां येते. परंतु ती पुढें कधींच कोणास विकतां येऊं नये, अशी तजवीज करतां येईल काय? प्रश्न वरवर केवळ वकिलांचा वाटतो. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील तिघांना तो पडला. आणि त्यांनीं शोधलेल्या उत्तरामुळें त्या देशाच्या समुद्रकांठचे शेंकडों मैल आजहि मोकळे राहिले आहेत. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

आगगाडी समुद्राकांठीं पोहोंचली आणि शहरांतील धुराला कंटाळलेलीं माणसें हवा खाण्यास तिकडे जाऊं लागलीं. त्यांच्यामागून हॉटेलें आलीं, बंगले आले, आणि बंगल्यांभोंवतीं कुंपणें आलीं. ज्या मोकळ्या दृश्यासाठीं लोक येत, तेंच दृश्य त्यांच्या येण्यानें नाहींसें होऊं लागलें. ह्यांत बेकायदेशीर असें कांहींच नव्हतें. कड्यावरची जमीन ज्याची असेल त्यानें तिचे तुकडे पाडून विकावे, हा त्याचा हक्कच होता.

ह्या प्रश्नाला हात घालणारीं तीन माणसें अगदीं भिन्न पेशांचीं होतीं. ऑक्टेव्हिया हिल ही बाई लंडनमधील गरिबांच्या घरांची व्यवस्था सुधारण्यांत आयुष्य घालवीत होती. सर रॉबर्ट हंटर हे कायदेपंडित. गांवांच्या सामायिक माळरानांसाठीं ते कोर्टांत झगडले होते. कॅनन हार्डविक रॉन्स्ली हे सरोवरांच्या प्रदेशांतील एक धर्मोपदेशक होते. १८८४ सालीं लंडनजवळच्या डेप्टफर्ड येथील एक जुनी बाग लोकांना देऊन टाकण्याची तिच्या मालकाची इच्छा होती. पण दान घेणार कोण? जमीन कायमची सांभाळील अशी संस्थाच कायद्यांत नव्हती. दाता आहे, दान आहे, परंतु तें घेणारा हात नाहीं, अशी ही चमत्कारिक अडचण! हंटर ह्यांनीं त्याच वर्षीं तशी संस्था काढण्याची कल्पना मांडली. ती प्रत्यक्षांत यावयास मात्र अकरा वर्षें लागलीं. मध्यंतरीं १८९१ सालीं अमेरिकेंत चार्ल्स एलियट ह्यांच्या खटपटीनें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत अशीच एक विश्वस्त संस्था स्थापन झाली होती. शेवटीं जानेवारी १८९५ मध्यें इंग्लंडांत नॅशनल ट्रस्टची रीतसर नोंदणी झाली.

ह्या संस्थेची पहिली मिळकत समुद्रकांठचीच होती. वेल्समध्यें बारमथ गांवाच्या माथ्यावर डिनास ओलाय नांवाची टेकडी आहे. तिच्यावरून कार्डिगनचें आखात दिसतें. फॅनी टॅल्बट नांवाच्या बाईनें तेथील साडेचार एकर जमीन ट्रस्टला देऊन टाकली. आपली टेकडी जशी आहे तशीच राहावी, तिला बागेचा बाजारी थाट येऊं नये, एवढीच तिची अपेक्षा होती. पुढें १८९७ सालीं कॉर्नवॉलमध्यें टिंटॅजेल येथील बॅरस नोज हें भूशिर लोकवर्गणीनें विकत घेण्यांत आलें. शेजारीं एक भलें मोठें हॉटेल उभें राहत होतें. तें पाहून लोकांना जाग आली होती.

पण नुसती खरेदी करून भागत नाहीं. आजचे विश्वस्त सज्जन असतील; उद्यांच्यांना पैशाची निकड लागली तर? म्हणून १९०७ सालीं पार्लमेंटानें खास कायदा करून ट्रस्टला एक विलक्षण अधिकार दिला. आपली एखादी जमीन 'अविक्रेय' आहे असें ट्रस्टनें एकदां ठरविलें, कीं ती जमीन विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क खुद्द ट्रस्टलाहि उरत नाहीं. सरकारी खात्याला ती सक्तीनें घ्यावयाची झाली आणि ट्रस्टनें हरकत घेतली, तर प्रकरण पार्लमेंटापुढें न्यावें लागतें. आपल्या कोंकणांतील देवराई आठवावी. देवाच्या नांवानें सोडलेल्या रानावर कुऱ्हाड चालवावयास हात धजत नाहीं. तेथें जें काम भीति आणि भक्ति करतात, तें येथें कायद्याच्या एका कलमानें केलें. अधिकार मिळवून मग स्वतःचेच हात बांधून घेणारी संस्था विरळाच!

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारगाड्या वाढल्या आणि बंगल्यांची रांग पुन्हां किनाऱ्यावर सरकूं लागली. ट्रस्टनें किनाऱ्याची पाहणी केली, तेव्हां सुमारे तिसरा हिस्सा बिघडून गेलेला आढळला. राखण्याजोगा असा सुमारे ९०० मैलांचा भाग उरला होता. १९६५ सालीं 'एंटरप्राइझ नेपच्यून' ह्या नांवानें देशभर वर्गणीची हांक देण्यांत आली. त्याच उन्हाळ्यांत रीडिंग विद्यापीठाचे विद्यार्थी किनाऱ्यानें पायीं हिंडून जमिनीच्या वापराचे नकाशे तयार करीत होते. भूगोलाचा ह्याहून चांगला वर्ग कोणता असणार? वेल्समधील गॉवर द्वीपकल्पावरील व्हाइटफर्डच्या वाळूच्या टेकड्या ही ह्या निधींतील पहिली खरेदी होय.

मात्र सत्कार्य म्हणून तेथें भांडणें नव्हतीं असें नाहीं. ह्या मोहिमेचे सूत्रधार होते कॉनरॅड रॉन्स्ली, संस्थापक रॉन्स्लींचे नातू. ट्रस्ट सामान्य लोकांपासून दूर गेला आहे, असा त्यांचा आरोप होता. वाद विकोपास जाऊन १९६६ मध्यें त्यांना पदावरून दूर करण्यांत आलें. पुढच्या वर्षीं सभासदांची खास सभा भरली. सभेंत त्यांचा पक्ष हरला. तरी त्यानंतर ट्रस्टच्या कारभाराची चौकशी होऊन त्यांत बदल झाले. विश्वस्तांवरहि कोणी नजर ठेवावी लागते, हा धडा त्यांतून मिळाला.

ह्या मोहिमेंतील मला विशेष वाटणारी खरेदी सुंदर जागेची नाहीं. डरहॅम परगण्यांतील हॉर्डनच्या किनाऱ्यावर कोळशाच्या खाणींची घाण वर्षानुवर्षें टाकली जात असे; वाळू काळी पडली होती. १९८८ सालीं तो किनारा ट्रस्टनें अवघ्या एका पौंडास घेतला. तोच मोहिमेचा ५०० वा मैल. जें बिघडलें आहे तेंहि आपलेंच, असें मानण्याची ही वृत्ति होती. आज ट्रस्टच्या ताब्यांत ७५० मैलांहून अधिक किनारा आहे. २०१२ सालीं डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांच्या मैलाहून कमी लांबीच्या पट्ट्यासाठीं १२ लक्ष पौंडांची हांक दिली, तीहि लोकांनीं पुरी केली.

आतां एक नवा प्रतिपक्षी पुढें आला आहे, आणि त्याला पार्लमेंटाचा कायदा ठाऊक नाहीं. समुद्र कडे खात आहे. पाण्याची पातळी चढत आहे. सर्वत्र भिंती बांधून लाटांशीं झुंजण्यापेक्षां, शक्य तेथें किनाऱ्याला त्याच्या गतीनें सरकूं द्यावें, असें धोरण ट्रस्टनें २००५ पासून मांडलें आहे. जी जमीन अविक्रेय ठरली, ती अक्षय ठरत नाहीं! परंतु त्यामुळें पूर्वजांचें करणें व्यर्थ झालें असें मला वाटत नाहीं. मागें मोकळी जमीन राहिली आहे म्हणूनच किनाऱ्याला मागें सरकावयास जागा आहे. जेथें घरांची रांग उभी आहे, तेथें ती जागाहि उरलेली नाहीं. फॅनी टॅल्बटबाईंनीं साडेचार एकर दिले तेव्हां हें त्यांच्या मनांतहि नसेल. जमीन मोकळी ठेवणारा पुढच्या पिढीला केवळ देखावा देत नाहीं. निर्णय घेण्याची मोकळीक देतो.