हातीं धरावयाची नभोवाणी

अंधेरी-कुर्ला रस्त्यास साकीविहार रस्ता जेथें येऊन मिळतो, त्या ठिकाणास साकीनाका म्हणतात. २०१४ सालीं सुरू झालेली मेट्रो आज त्या नाक्याच्या डोक्यावरून धांवते. खालीं मोटारींची दाटी असते. आणि गल्लीबोळांतून लहानमोठे कारखाने, दुरुस्तीचीं दुकानें व कामगारांच्या खोल्या एकमेकींना खेटून उभ्या आहेत. अशा एखाद्या खोलींत कोणी तळहातावर मावणारें नवें डिजिटल, म्हणजे अंकीय पद्धतीचें, रेडिओयंत्र घेऊन बसला, तर त्याला काय ऐकूं येईल आणि काय ऐकूं येणार नाहीं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. परंतु त्याचें उत्तर इतिहासांत शोधावें लागतें.

मुंबईंत ध्वनिक्षेपणाचा उपक्रम प्रथम हौशी मंडळींनीं केला. जून १९२३ मध्यें येथील रेडिओ क्लबनें आपले कार्यक्रम ऐकविले. पुढें २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्घाटन झालें. त्या केंद्राच्या प्रक्षेपकाची शक्ति अवघी दीड किलोवॅट होती, आणि सुमारें तीस मैलांपर्यंतच तो नीट ऐकूं येई. कंपनी तीन वर्षेंही टिकली नाहीं; मार्च १९३० मध्यें ती दिवाळ्यांत निघाली, एप्रिलपासून सरकारनें कारभार हातीं घेतला, आणि ८ जून १९३६ रोजीं त्या संस्थेस 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. १९२० सालीं नव्यानेंच निर्माण झालेल्या मुंबई उपनगर जिल्ह्यांत साकीनाक्याचा परिसर मोडत होता, आणि तीस मैलांच्या त्या वर्तुळांत तो सहज बसत होता. लहरी तेथपर्यंत पोंचत होत्या. अडचण होती ती लहरींची नव्हे, ऐकणाऱ्याची.

कारण त्या काळचें ग्राहकयंत्र म्हणजे घराचा एक खांबच म्हणावयाचा. कांचेच्या दिव्यांवर तें चाले; त्याला विजेचा प्रवाह किंवा जड बॅटऱ्या लागत; छपरावर तांब्याची तार ताणावी लागे आणि दुसरी तार जमिनींत पुरावी लागे. त्यावर वर्षाला दहा रुपयांचा परवाना. पुढें १९३३ च्या कायद्यानें विनापरवाना रेडिओयंत्र बाळगणें हा गुन्हाच ठरला. म्हणजे ऐकणारा तीन दोऱ्यांनीं बांधलेला होता: पहिली दोरी भिंतीची, दुसरी विजेची आणि तिसरी परवान्याची. नभोवाणीचा इतिहास म्हणजे या दोऱ्या एकामागून एक कशा तुटल्या आणि त्यांच्या जागीं नव्या कशा आल्या, याचाच इतिहास होय.

पहिली दोरी मुंबईनेंच मोठ्या धैर्यानें तोडून दाखविली. पण ती ऐकणाऱ्याची नव्हे, बोलणाऱ्याची. ऑगस्ट १९४२ मध्यें 'चले जाव'ची घोषणा झाली, पुढारी तुरुंगांत गेले, वृत्तपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलें. अशा वेळीं बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी आणि त्यांचे सहकारी यांनीं ४२.३४ मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' सुरू केला. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनीं सामुग्री पुरविली, डॉ. राममनोहर लोहिया यांचें मार्गदर्शन होतें. पोलिसांच्या गाड्या लहरींच्या उगमाचा माग काढीत फिरत असत. म्हणून प्रक्षेपकही घरोघर फिरत राहिला. चौपाटीवरील सी व्ह्यू, मग रतन महल, अजित व्हिला, लक्ष्मी भुवन, पारेख वाडी, महालक्ष्मीजवळील पॅरेडाइज बंगला अशीं त्याचीं बिऱ्हाडें झालीं. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांचा छापा पडला आणि तो आवाज थांबला. उषाबेनना चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

या प्रकरणांतील शौर्याबद्दल पुष्कळ बोललें गेलें आहे. मला येथें त्यांतील एक साधी तांत्रिक गोष्ट सांगावयाची आहे. हें केंद्र ज्यांनीं ऐकलें, त्यांच्याजवळ कोणतेंही निराळें यंत्र नव्हतें. सरकारी केंद्र ऐकण्यासाठीं सरकारी परवाना काढून घेतलेलें यंत्रच सरकारविरोधी आवाजही ऐकवीत होतें. लघुलहरींचा पट्टा असला, कीं कांटा फिरवावयाचा आणि ऐकावयाचें. लहरीला कुलूप नव्हतें आणि कानाला किल्ली लागत नव्हती. सरकार बोलणाऱ्यास पकडूं शकलें. पण ऐकणाऱ्याचा कांटा कोणत्या आंकड्यावर आहे, हें त्याला घराबाहेरून कळत नव्हतें.

भिंतीची व विजेची दोरी तुटली ती ट्रान्झिस्टरमुळें. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत बार्डीन, ब्रॅटन व शॉकली यांच्या संशोधनांतून हा चिमुकला घटक जन्मास आला. १९५४ सालीं 'रीजन्सी' नांवाचा खिशांत मावणारा रेडिओ तेथें जवळजवळ पन्नास डॉलरांस विकावयास आला. कांचेच्या दिव्यांची ऊब गेली, छपरावरची तार गेली. दोनचार लहान बॅटऱ्यांवर यंत्र कित्येक दिवस चालूं लागलें. आपल्याकडे ठाण्याच्या मर्फीसारख्या कारखान्यांनीं रेडिओ घरोघर नेला, आणि मग ट्रान्झिस्टरनें तो घराबाहेर काढला. गिरणीच्या दारांत, बैलगाडींत, शेताच्या बांधावर तो दिसूं लागला. 'ट्रान्झिस्टर' हें आंतील एका घटकाचें नांव सबंध यंत्रासच चिकटलें, यावरून त्या घटकाचा पराक्रम लोकांनीं किती ओळखला होता, हें ध्यानांत येतें.

कुलूप नसलेल्या लहरीचा प्रताप याच सुमारास आणखी एकदां दिसला. नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे अभिजात संगीताचे कैवारी. त्यांच्या कारकीर्दींत, १९५२ पासून, आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर बंधनें आलीं. त्यांचा हेतु संगीताच्या संवर्धनाचा होता, हें मान्य केलें पाहिजे. परंतु श्रोत्यांनीं मोर्चे काढले नाहींत कीं अर्ज केले नाहींत. त्यांनीं फक्त कांटा फिरविला आणि ते रेडिओ सिलोन ऐकूं लागले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं आकाशवाणीस 'विविध भारती' सुरू करावी लागली. ज्याच्या हातांत मोकळें यंत्र असतें, त्याचें मत मोजण्यास मतपेटी लागत नाहीं. तिसरी दोरी, परवान्याची, तीही १९८० नंतरच्या दशकांत सरकारनें काढून टाकली.

यानंतर अंकीय युग आलें. मुंबईकरांच्या हातीं पहिला फिरता डिजिटल रेडिओ आला तो 'वर्ल्डस्पेस' या कंपनीचा. तिचा 'एशियास्टार' हा उपग्रह मार्च २००० मध्यें आकाशांत गेला आणि विषुववृत्तावर, १०५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारें छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर स्थिर झाला. यंत्र टोपलींत मावेल एवढें, आवाज अत्यंत स्वच्छ. 'गांधर्व' नांवाची हिंदुस्थानी संगीताची वाहिनी ज्यांनीं ऐकली, ते रसिक अजूनही तिची आठवण काढतात.

पण हें यंत्र लावणें म्हणजे एक लहानसें ज्योतिर्गणितच होतें. त्याची चपटी पाटीसारखी अँटेना उपग्रहाकडे तोंड करून ठेवावी लागे. मुंबईहून तो उपग्रह पूर्वेच्या किंचित् दक्षिणेस, आग्नेयेच्या अलीकडे, आणि क्षितिज व माथा यांच्या साधारण मध्यावर येतो. तेवढा आकाशाचा तुकडा मोकळा दिसला पाहिजे. समोरची भिंत खिडकीपासून जितकी दूर, तितकीच ती खिडकीहून उंच असली, कीं उपग्रह तिच्या आड गेलाच म्हणून समजावें. पूर्वेच्या सज्जांत बसणाऱ्यास हें जमलें. साकीनाक्याच्या बोळांत, जेथें समोरचें पत्र्याचें छप्पर हात लांबविल्यास लागतें, तेथें आकाशाचा हवा तो तुकडा कोठून आणावयाचा? म्हणजे भिंतीची दोरी निराळ्या रूपानें परत आली.

परवान्याची दोरीही परत आली, आणि ती पहिलीहून अधिक पक्की होती. ऐकण्यासाठीं वर्गणी भरावी लागे. वर्गणी भरली कीं यंत्राचें कुलूप उघडे. ऑक्टोबर २००८ मध्यें कंपनीनें अमेरिकेंत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजीं भारतांतील सेवा बंद पडली. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं चांगलीं धडधाकट यंत्रें मुकीं झालीं. १९३० सालीं मुंबईची पहिली कंपनी बुडाली, तेव्हां लोकांचीं यंत्रें वायां गेलीं नाहींत. सरकारी सेवा सुरू होतांच तींच यंत्रें तेंच केंद्र ऐकूं लागलीं. २००९ सालीं तसें होऊं शकलें नाहीं, कारण तीं यंत्रें एकाच मालकाची भाषा शिकलीं होतीं.

आकाशवाणीनें निवडलेली अंकीय पद्धति याहून निराळी आहे. 'डिजिटल रेडिओ माँडियाल' असें तिचें नांव. ती कोणा एका कंपनीची मालमत्ता नसून सर्वांस खुली अशी ठरविलेली पद्धति आहे. ऐकण्यास वर्गणी नाहीं. २००९ सालीं लघुलहरींवर तिचें नियमित प्रक्षेपण सुरू झालें, आणि पुढें देशांत मध्यमलहरींचे पस्तीस प्रक्षेपक या पद्धतीचे बसविण्यांत आले. मध्यमलहरी जमिनीला धरून जातात. त्यांना उपग्रहासारखी थेट नजर लागत नाहीं.

असें यंत्र वापरणाऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. मध्यमलहरींसाठीं अँटेना यंत्राच्या पोटांतच असते, आणि तिला दिशा असते. म्हणून यंत्र हळूहळू आडवें फिरवून पाहावें. पत्र्याच्या खोलींत लहरी आंत शिरत नाहींत. म्हणून खिडकीपाशीं जावें. आणि विजेचे नवे दिवे, मोबाइलचे चार्जर, कारखान्याच्या मोटारी यांपासून यंत्र दूर धरावें, कारण त्यांची गुरगुर लहरींत मिसळते. केंद्राच्या आंकड्यावर आल्यावर कांहीं क्षण थांबावें लागतें. मग पडद्यावर केंद्राचें नांव उमटतें आणि आवाज उघडतो. त्यांत खरखर नसते. पण येथेंच जुन्या व नव्या पद्धतींतील भेद आहे. जुना आवाज अशक्त झाला तरी खरखरींतून कुजबुजत राहतो, आणि माणसाचा कान त्यांतून अर्थ काढतो. अंकीय आवाज एका मर्यादेपर्यंत निर्मळ असतो आणि ती ओलांडली कीं तो एकदम नाहींसा होतो.

अडचण मात्र भलत्याच ठिकाणीं राहिली. प्रक्षेपक उभे राहिले, पण सामान्य माणसाला परवडेल असें ग्राहकयंत्र दुकानांत सहज मिळालें नाहीं. या पद्धतीचीं यंत्रें लक्षावधि नव्या मोटारींत बसविलीं गेलीं. म्हणजे साकीनाक्याच्या चौकांत खोळंबलेल्या मोटारींत ही नभोवाणी ऐकूं येऊं शकते. त्या मोटारीशेजारून पायीं जाणाऱ्याच्या हातीं ती पोंचलेली नाहीं.

हें केवळ करमणुकीपुरतें असतें, तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. ती वेधशाळा विमानतळाच्या एका अंगास, तर साकीनाका दुसऱ्या अंगास. त्या दिवशीं साकीनाक्यास दरड कोसळून टेंकडीलगतच्या वस्तींत अनेकांचे प्राण गेले. उपनगरांतून वीज गेली. मोबाइलची व्यवस्था कोलमडली. घराबाहेर असलेलीं माणसें रात्रभर पाण्यांतून चालत होतीं. अशा वेळीं चालूं शकतें तें यंत्र कोणतें? ज्याला भिंतींतील वीज लागत नाहीं, ज्याला मोबाइलचा मनोरा लागत नाहीं, ज्याला वर्गणी लागत नाहीं आणि ज्याला आपल्या शहरांतला आवाज ऐकूं येतो, तेंच. आशिया खंडास गाणें ऐकविणारा उपग्रह एका टेंकडीखालच्या वस्तीला सावध करण्यासाठीं योजिलेला नव्हता. खुल्या अंकीय पद्धतींत मात्र अशी सोय आहे, कीं संकटाच्या वेळीं चालू असलेलीं यंत्रें आपोआप इशाऱ्याच्या वाहिनीवर वळवितां येतात आणि पडद्यावर मजकूरही दाखवितां येतो. ती सोय उत्तम आहे. पण ती ज्याच्या हातांत यंत्र आहे, त्याच्यासाठींच.

म्हणून, श्रोतेहो, नवें यंत्र घेतांना आवाज किती गोड आहे, एवढेंच विचारूं नये. तें विजेवांचून किती तास चालतें? त्याची किल्ली कोणाच्या हातांत आहे? उद्यां एखादी कंपनी बुडाली, तर तें दुसऱ्या कोणाचा आवाज ऐकूं शकेल काय? आणि राज्यकर्त्यांस विचारावें, कीं ज्या वस्तीवर दरड कोसळते, त्या वस्तीस परवडेल असें यंत्र केव्हां मिळणार? प्रक्षेपक बसविणें हें निम्मेंच काम आहे. उरलेलें निम्में काम ऐकणाऱ्याच्या तळहातावर व्हावयाचें आहे, आणि तें होईपर्यंत जुना, खरखरणारा, बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर कोणीं अडगळींत टाकूं नये, एवढी विनंति करून मी आपला निरोप घेतों.