व्यापारी उचल : परतफेड व कर्जमुक्ती (माहुल, मुंबई)

दुकानाच्या रोजच्या विक्रीकडे पाहून दिलेले आणि त्याच विक्रीतून रोज कापून घेतले जाणारे अल्पमुदतीचे कर्ज. अमेरिकेत असा व्यवहार कागदोपत्री पुढच्या विक्रीची आगाऊ खरेदी मानला जातो, त्यामुळे तिथे कर्जाचे कायदे त्याला सहसा लागत नाहीत. भारतात क्यूआर कोड देणाऱ्या कंपन्यांमार्फत मिळणारी उचल बहुधा बँकेचे किंवा बिगरबँक वित्त कंपनीचे रीतसर कर्जच असते. कर्जदाराचे हक्क याच गोष्टीवर उभे आहेत.

माहुल हे चेंबूर-तुर्भे पट्ट्यातले, तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेले खाडीकाठचे गाव. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडल्यावर 2017 पासून अनेक कुटुंबांना येथील प्रकल्पग्रस्त वसाहतीत आणले गेले. हवेच्या प्रदूषणामुळे त्यांनी विरोध केला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. अशा वसाहतीत रहिवासी निघून गेले की किराणा, टपरी, मासळी यांचे गिऱ्हाईक तुटते, पण उचलीचा रोजचा हप्ता तेवढाच राहतो.

1,00,000 रुपये घेऊन वर्षभरात रोज सुमारे 329 रुपयांप्रमाणे 1,20,000 फेडले तर व्याज 20 टक्के वाटते. मुद्दल रोज घटत असल्याने खरा वार्षिक दर 37 टक्क्यांच्या वर जातो. हा दर कर्ज देणाऱ्या संस्थेने मुख्य तथ्यपत्रकात आधीच लिहून द्यायचा असतो.

हप्ता थकू लागला की पहिले काम म्हणजे करारावर खरा कर्जदाता कोण आहे ते पाहणे. ॲपचे नाव आणि कर्ज देणारी संस्था बहुधा वेगळ्या असतात, आणि पत्रव्यवहार संस्थेशीच करायचा. खाते रिकामे ठेवून वसुली चुकवू नये. ई-मँडेट (खात्यातून आपोआप कपातीची परवानगी) न वटल्यास 2007 च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याखाली फौजदारी खटला होऊ शकतो. त्याऐवजी विक्रीचा हिशेब जोडून मुदतवाढ लेखी मागावी. जुना हप्ता भरण्यासाठी दुसरी उचल घेणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. बँकेचे कर्ज आणि उद्यम नोंदणी असेल, तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची 2016 ची रिझर्व्ह बँकेची चौकट उपयोगी पडते.

रिझर्व्ह बँकेने जून 2023 मध्ये तडजोडीने कर्ज मिटवण्याचे नियम बँका व वित्त कंपन्या दोघांना घालून दिले. तडजोड लेखी घ्यावी आणि पैसे भरताच ना-देय दाखला मागावा. पतअहवालात मात्र ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढचे कर्ज अवघड होते. वसुली एजंटांना सकाळी 8 पूर्वी व संध्याकाळी 7 नंतर फोन करण्यास मनाई आहे. तक्रारीला 30 दिवसांत समाधानकारक उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. तडजोडीसाठी लोकअदालतही आहे.

गल्लीतल्या ‘डेली कलेक्शन’वाल्या सावकाराला यातले बहुतेक नियम लागत नाहीत. त्याच्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करायची असते. व्यापाऱ्याला दिलेल्या कर्जाबाबत या कायद्यात अपवाद आहेत, म्हणून आधी विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा. मुंबई इलाख्यात रूढ असलेला दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागता न येणे, न्यायालयांनी हिंदू कर्जदारांच्या बाबतीत मानला आहे.

पथविक्रेत्यांसाठी 2020 ची पीएम स्वनिधी योजना आहे. 2025 च्या फेररचनेनंतर तिच्यातले पहिल्या टप्प्याचे कर्ज 15,000 रुपयांपर्यंतचे असून वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात 7 टक्के अनुदान मिळते.